पेशीतील मुऱ्हाळी

ज्या घरातून रोज शेकडो माणसे बाहेर पडतात, त्या घरातली घरची माणसे घरातच कशी राहतात, असे कोणी विचारले तर आपण हसू. घरचा माणूस आपले घर ओळखतो. त्याला डोळे आहेत, पाय आहेत आणि दिवेलागणीला परतण्याची ओढही आहे. परंतु हाच प्रश्न आपल्या शरीरातील पेशीविषयी विचारला, तर तो हसण्यावारी नेता येत नाही. पेशीतील प्रथिनांना ना डोळे, ना पाय, ना ओढ. तरीही त्यांतील काही प्रथिने जन्मभर एकाच दालनात नांदतात. आणि त्यांच्या शेजारी घडलेली इतर प्रथिने काही मिनिटांतच तेच दालन सोडून दूर निघून जातात. ही निवड कोण करतो? या महिन्याच्या सदरात याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे. विषय सूक्ष्म असला तरी दुर्बोध नाही, आणि आपल्या हाडांशी व आपल्या पूर्वजांनी भोगलेल्या एका भयंकर रोगाशी त्याचा निकटचा संबंध आहे, हे पुढे दिसून येईल.

प्रथम त्या दालनाची ओळख करून घेऊ. पेशीच्या केंद्रकाभोवती अतिशय पातळ पडद्यांच्या चपट्या पिशव्या आणि नळ्या यांचे एक दाट जाळे पसरलेले असते. अमेरिकेत कीथ पोर्टर व त्यांचे सहकारी यांनी १९४५ साली कोंबडीच्या गर्भातील पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तेव्हा त्यांना हे विणलेल्या लेससारखे जाळे दिसले. पुढे पोर्टर यांनीच त्यास जे नाव दिले, त्याचे मराठी रूप 'आंतर्द्रव्यजालिका' असे रूढ आहे. नाव भारदस्त आहे; म्हणून आपण येथून पुढे नुसते 'जालिका' म्हणू. आपल्या यकृताच्या एका पेशीत जेवढे म्हणून पडदे असतात, त्यांतील जवळजवळ निम्मे या एकट्या जालिकेचे असतात. यावरून तिचा व्याप ध्यानात येईल.

ज्या प्रथिनांना पेशीबाहेर जाऊन काम करावयाचे असते, त्यांची घडण या जालिकेत होते. साखरेचे नियमन करणारे इन्सुलिन, अन्न पचविणारे स्वादुपिंडातील रस, रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे, हाडांना व त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन, ही सारी मंडळी याच दालनात जन्म घेतात. त्यांचा पुढील प्रवास कसा होतो, हे रोमानियात जन्मलेले आणि अमेरिकेत काम करणारे जॉर्ज पॅलाडे यांनी सहकाऱ्यांसह १९६०च्या दशकात दाखवून दिले. गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना त्यांनी केवळ तीन मिनिटे किरणोत्सर्गी ॲमिनो आम्ल पुरविले. म्हणजे तेवढ्या वेळात घडलेल्या प्रथिनांवर जणू खूण उमटली. मग ती खूण कोठे कोठे जाते ते त्यांनी पाहिले. प्रारंभी ती जालिकेत होती. थोड्या मिनिटांनी ती गॉल्जी पिंडाकडे सरकली. इटालियन वैद्य कामिल्लो गॉल्जी यांनी १८९८ साली शोधून काढलेला हा पिंड म्हणजे पडद्यांच्या थाळ्यांची एक चळतच होय. दोन तासांच्या सुमारास ती खूण बाहेर पडण्यास सिद्ध असलेल्या साठ्याच्या कणांत पोहोचली होती. जालिका, गॉल्जी पिंड, साठ्याचे कण आणि मग पेशीबाहेरचे जग, असा हा राजमार्ग आहे. या कार्यासाठी पॅलाडे यांस १९७४ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

जालिकेत शिरावयाचे तर प्रथिनाजवळ प्रवेशपत्र असावे लागते. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. एकेक ॲमिनो आम्ल हे एकेक अक्षर मानले, तर प्रथिन हा एक लांबलचक शब्द होतो. त्या शब्दाच्या प्रारंभीची काही अक्षरे हेच ते प्रवेशपत्र, असे ग्युंटर ब्लोबेल यांनी सिद्ध केले. त्यांस १९९९ साली नोबेल पारितोषिक लाभले. प्रवेशाचा प्रश्न असा सुटला. परंतु शिरलेल्यांपैकी राहावयाचे कोणी आणि जावयाचे कोणी, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

आता या दालनात कायमची वस्ती करून असलेली प्रथिने कोणती व ती काय करतात, ते पाहू. पूर्वी आपल्याकडे नवी नवरी सासरी जावयास निघाली, म्हणजे तिच्याबरोबर एखादी जाणती पाठराखीण पाठविण्याचा प्रघात होता. मुलगी बावरू नये, काही चुकू नये, कोणी तिला भलतीकडे ओढू नये, एवढ्यासाठी ती सोबत असे. आणि मुलगी रुळली की पाठराखीण आपल्या घरी परत येई. जालिकेतही अशा पाठराखिणी आहेत. इंग्रजीत या प्रथिनांना जे नाव पडले आहे, त्याचा अर्थही जवळजवळ हाच आहे. नव्याने घडलेली साखळी योग्य रीतीने दुमडली जाऊन तिला तिचा ठरावीक आकार येईपर्यंत या पाठराखिणी तिला सांभाळतात आणि दुसऱ्या अर्धवट साखळ्यांत तिचा गुंता होऊ देत नाहीत. यांपैकी 'बिप' नावाच्या पाठराखिणीचे काम प्रतिपिंडांच्या बाबतीत फार चांगले अभ्यासले गेले आहे. प्रतिपिंड तयार होते ते जड व हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्या जुळून. हलकी साखळी येऊन मिळेपर्यंत बिप जड साखळीला धरून ठेवते. जोडी जमली की तिचा हात सोडते.

दुसरे एक प्रथिन साखळीतील गंधकाच्या टाक्यांची देखरेख करते. इन्सुलिनच्या रेणूत असे तीन टाके असतात. ते चुकीच्या जागी पडले तर उसवून पुन्हा घालावे लागतात. हे कसबी प्रथिन 'पीडीआय' या आद्याक्षरांनी ओळखले जाते. तेच प्रथिन आणखी एका विकराचा अर्धा भाग म्हणूनही काम करते. तो विकर कोलॅजेनच्या साखळीवर छोटे छोटे रासायनिक बदल घडवून आणतो, आणि त्यांमुळेच कोलॅजेनचा तीनपेडी गोफ घट्ट बसतो. या कामी त्यास 'क' जीवनसत्त्वाची जरुरी असते. आवळा, पेरू, लिंबू आहारात दीर्घकाळ नसतील तर हिरड्यांतून रक्त येते व जुन्या जखमाही उकलतात. त्याचे मूळ या दालनातील या एका अडलेल्या कामात आहे.

सारांश, ही घरची मंडळी दालनात नसतील तर बाहेर जाणारा मालच बिघडेल. आणि येथेच खरी अडचण उभी राहते. ही मंडळी जालिकेच्या पडद्याला बांधलेली नाहीत. आतल्या द्रवात ती मोकळी तरंगत असतात, आणि बाहेर जाणारी प्रथिनेही त्याच द्रवात असतात. जालिकेच्या पडद्यातून सतत इवल्या पुटिका सुटतात आणि आतला द्रव घेऊन गॉल्जी पिंडाकडे जातात. नदीत घागर बुडवावी आणि तिच्यात जे येईल ते यावे, तसा हा प्रकार. मग पाठराखिणी वाहून का जात नाहीत?

त्या काळी या कोड्याची दोन उत्तरे संभवत होती. एक असे, की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रथिनाजवळ परवाना असतो, आणि ज्याच्यापाशी तो नाही ते मागे राहते. दुसरे असे, की बाहेर जाण्यास परवाना लागतच नाही. उलट, राहणाऱ्यांच्या अंगावरच काही विशेष खूण असली पाहिजे. १९८७ साली जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेत एक चतुर प्रयोग झाला. केवळ तीन ॲमिनो आम्लांचा एक चिमुकला तुकडा पेशींना देण्यात आला. त्यावर कोणताही परवाना असणे शक्यच नव्हते. तरीही जालिकेत त्यास शर्करेचा अंश चिकटला आणि तो झपाट्याने पेशीबाहेर येऊन पडला. त्यातील निम्मा भाग बाहेर पडण्यास सुमारे दहा मिनिटे पुरली. प्रवाह आपल्याबरोबर वाटेल त्यास वाहून नेतो, असा याचा अर्थ. काही प्रथिनांना पुटिकांत मुद्दाम निवडूनही घेतले जाते, हे पुढे दिसून आले. परंतु नुसत्या प्रवाहानेही बाहेर पडता येते, ही गोष्ट उरलीच. तेव्हा राहणाऱ्यांची खूण शोधणे क्रमप्राप्त झाले.

ती खूण त्याच वर्षी सापडली. इंग्लंडमधील केंब्रिज येथील रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शॉन मन्रो आणि ह्यू पेलहॅम हे दोघे जालिकेतील प्रथिनांची अक्षरे वाचीत होते. बिप, पीडीआय आणि तिसरे एक मोठे प्रथिन यांची कामे निरनिराळी, आकार निरनिराळे. परंतु तिन्हींच्या अगदी शेवटी तीच चार अक्षरे त्याच क्रमाने आढळली : लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल आणि ल्युसीन. शास्त्रज्ञांच्या लघुलिपीत के, डी, ई, एल. एकत्र वाचल्यास 'केडेल'. शेकडो अक्षरांच्या शब्दांच्या शेवटी तोच चार अक्षरांचा प्रत्यय यावा, हा योगायोग असणे कठीण.

त्या दोघांनी मग हा प्रत्यय कापून पाहिला. शेपूट गेलेले बिप हळूहळू पेशीबाहेर झिरपू लागले. याहूनही बोलका प्रयोग उलट दिशेचा होता. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात लायसोझाइम नावाचे प्रथिन असते. ते बाहेर पडण्यासाठीच घडलेले. जालिकेत थांबण्याचे त्याला काही कारण नाही. त्याच्या शेवटी ही चार अक्षरे व त्यांच्याआधीची दोन, अशी सहा अक्षरे जोडून ते माकडाच्या पेशींत निर्माण करण्यात आले; आणि ते बाहेर न पडता जालिकेतच राहिले. मात्र त्या सहा अक्षरांपुढे आणखी दोन परकी अक्षरे चिकटवली, तर लायसोझाइम पुन्हा बाहेर पडू लागे. म्हणजे खूण नुसती असून भागत नाही. ती अगदी शेवटालाच असावी लागते. नावाच्या शेवटी आडनाव यावे, तशी.

खूण सापडली, परंतु ती वाचतो कोण? सहज सुचणारे उत्तर असे, की जालिकेच्या भिंतीवर काही आकडे असतील, ते केडेल पकडून ठेवीत असतील, आणि म्हणून घरची मंडळी दाराबाहेर पडतच नसतील. हे उत्तर सोपे आहे, पण त्यात एक उणीव आहे. जालिकेतील रहिवासी प्रथिने असंख्य; त्या प्रत्येकाला बांधून ठेवावयाचे तर आकडेही तितकेच हवेत. शिवाय पाठराखिणीला खुंटीला बांधले, तर तिने नवरीमागे फिरावे कसे?

१९८८ साली पेलहॅम यांनी या प्रश्नाचा छडा लावला. कॅथेप्सिन-डी नावाच्या एका प्रथिनावर गॉल्जी पिंडात गेल्यावर शर्करा व फॉस्फेट यांचा एक विशिष्ट शिक्का बसतो. हा शिक्का मारणारा विकर गॉल्जी पिंडाच्या बाजूला असतो, जालिकेत नसतो. पेलहॅम यांनी कॅथेप्सिन-डीच्या शेवटी केडेलची खूण जोडली. अपेक्षेप्रमाणे ते जालिकेतच सापडले. परंतु त्यावर तो शिक्का होता! आपल्या घरच्या कपाटात एखादे पाकीट मिळावे आणि त्यावर परगावच्या टपालकचेरीचा ठसा असावा, तसे हे झाले. पाकीट आता घरात आहे हे खरे. पण ते परगावी जाऊन आले आहे, हेही तितकेच खरे.

म्हणजे जालिका आपल्या माणसांना दाराशी अडवीत नाही. ती वाहत जातात, वेस ओलांडतात, पुढच्या गावी पोहोचतात. आणि तेथून त्यांना कोणीतरी परत घेऊन येतो. यासाठी आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे. सासरी गेलेल्या लेकीला सणावाराला माहेरी आणण्यासाठी जो जातो, तो मुऱ्हाळी. बहुधा भाऊच असे. क्वचित घरचा विश्वासू गडीही जाई. आजच्या पिढीतील वाचकांना हा शब्द अपरिचित असेल, कारण आगगाडी आणि दूरध्वनी यांनी मुऱ्हाळ्याचे काम संपविले. पेशीत मात्र ते अव्याहत चालू आहे.

हा मुऱ्हाळी कोण, हे शोधून काढण्यास साहाय्य झाले ते यीस्टचे. पाव फुगविणाऱ्या या साध्या बुरशीत खुणेचे पहिले अक्षर निराळे असते. तेथे केडेलऐवजी 'एचडेल' चालते. यीस्टला उसाची साखर पचवावयाची तर तिचे विघटन करणारा विकर पेशीबाहेर टाकावा लागतो. त्या विकराच्या शेवटी शास्त्रज्ञांनी एचडेल जोडले. विकर आतच राहिला आणि यीस्टची उपासमार होऊ लागली. अशा परिस्थितीत जी यीस्ट तरी वाढते, तिच्यात परत आणण्याची यंत्रणाच बिघडलेली असणार. या युक्तीने बिघडलेल्या वाणांचा शोध घेत घेत १९९० साली 'ईआरडी-२' नावाच्या जनुकापर्यंत पोहोचता आले. मुऱ्हाळी म्हणून काम करणारे प्रथिन या जनुकापासून बनते. शास्त्रीय भाषेत अशा खूण ओळखणाऱ्या प्रथिनास ग्राही म्हणतात. यीस्टची एक भाऊबंद जाती आहे, तिला 'डीडेल' ही खूणही चालते. तिचा ईआरडी-२ जनुक पहिल्या यीस्टमध्ये घातला, तर तीही डीडेल ओळखू लागते. खूण वाचणारा हाच, याविषयी मग संशय उरला नाही. त्याच वर्षी माणसाच्या पेशींतही असा ग्राही सापडला. आपल्यात त्याचे तीन प्रकार आहेत.

आता एक शंका चाणाक्ष वाचकांच्या मनात आलीच असेल. मुऱ्हाळी गॉल्जी पिंडात केडेलचा हात धरतो आणि जालिकेत आणून सोडतो. पण खूण तीच, मुऱ्हाळी तोच. मग एके ठिकाणी धरावयाचे आणि दुसऱ्या ठिकाणी सोडावयाचे, हे त्याला कसे कळते? याचे उत्तर आंबटपणात आहे. जालिकेतील द्रव जवळजवळ उदासीन असतो. गॉल्जी पिंडात तो किंचित आम्ल होतो. पेलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखविले, की आम्लता वाढली की ग्राही केडेलला घट्ट धरतो आणि उदासीन द्रवात तो त्याला सोडून देतो. २०१९ साली ऑक्सफर्डच्या सायमन न्यूस्टेड व फ्रान्सिस बार यांच्या गटांनी कोंबडीतील या ग्राहीची प्रत्यक्ष रचनाच उलगडली. पडद्यातून सात वेळा आरपार गेलेल्या या प्रथिनाला आतल्या बाजूस एक खाच आहे. तीत केडेलची चार अक्षरे बरोबर बसतात. आम्ल द्रवात खाच मिटते, आणि त्याच वेळी ग्राहीची बाहेरच्या बाजूची ठेवण अशी बदलते, की परतीच्या पुटिकांचे आवरण करणारी प्रथिने त्याला पकडू शकतात. हात धरला गेला की गाडी जुंपली जाते. रिकाम्या हाताने परतीची घाई नाही.

या परतीच्या पुटिका निराळ्या आणि जाण्याच्या निराळ्या. दोहोंची आवरणे वेगवेगळ्या प्रथिनांची असतात. जालिकेच्या पडद्यातच रोवलेली जी प्रथिने आहेत, त्यांना तर मुऱ्हाळ्याचीही गरज पडत नाही. त्यांतील अनेकांच्या पेशीद्रवात लोंबणाऱ्या शेपटीत लायसीनची एक जोडी असते. ती परतीच्या आवरणाला थेट चिकटते. येथे हेही सांगितले पाहिजे, की सारा भार मुऱ्हाळ्यावरच पडत नाही. शेपूट तोडलेले बिप हळूहळूच बाहेर झिरपते, असे वर आले आहे. घरातील प्रथिने एकमेकांना धरून राहतात आणि त्यामुळे मुळातच थोडी बाहेर पडतात. जी पडतात, तेवढ्यांचीच ने-आण करावयाची असते. म्हणूनच थोडे मुऱ्हाळी एवढ्या मोठ्या घराला पुरतात.

हे सर्व ज्ञान म्हणून रंजक आहे. परंतु मुऱ्हाळी आला नाही तर काय होते, हे पाहिले म्हणजे त्याचे मोल कळते. हाडे जन्मतःच ठिसूळ असण्याचा एक दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. त्यात मूल नुसते उचलून घेतानाही हाड मोडू शकते. या विकाराची कारणे अनेक. त्यांत २०२० साली एका नव्या कारणाची भर पडली. काही कुटुंबांतील रुग्णांत केडेल-ग्राहीच्या दुसऱ्या प्रकाराचा जनुक, आई व वडील या दोघांकडून आलेल्या दोन्ही प्रतींत, सदोष आढळला. कोलॅजेनची स्वतःची एक खास पाठराखीण असते, तिचे नाव एचएसपी-४७. तिच्या शेवटी केडेलचाच एक भाऊबंद, 'आरडेल', असतो. निरोगी पेशीत ती कोलॅजेनबरोबर गॉल्जीकडे जाते. तेथील आम्लतेत तिचा कोलॅजेनवरील हात सुटतो, आणि त्याच आम्लतेत मुऱ्हाळी तिचा हात धरतो. किती सुबक जुळणी आहे ही! पण मुऱ्हाळीच नसेल तर पाठराखीण घरी परतत नाही. ती कोलॅजेनबरोबर पेशीबाहेर जाते. बाहेर द्रव पुन्हा उदासीन असल्यामुळे ती कोलॅजेनला चिकटूनच बसते, आणि त्याचे धागे नीट गुंफले जात नाहीत. कोलॅजेन घडविण्याचे ज्ञान पेशीला आहे, पाठराखीणही निर्दोष आहे; केवळ तिला घरी आणणारा नाही, आणि तेवढ्यासाठी एका बालकाचे हाड मोडते.

मुऱ्हाळी नसणे हे एक संकट. तर तो फसणे हे दुसरे. आमच्या आजी-पणजीच्या पिढीने 'पटकी' हा शब्द कधी मोठ्याने उच्चारला नाही. गावोगाव मरीआईचे गाडे निघत आणि घरेच्या घरे ओस पडत. पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, जंतू रोबेर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात ओळखला. परंतु तो माणसाला मारतो कसा, हे पुढे पाऊणशे वर्षांनी त्याच शहरात डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखविले. जंतू ज्या द्रवात वाढविले तो गाळून, जंतू पूर्णपणे काढून टाकून, नुसता द्रव त्यांनी सशाच्या आतड्यात घातला, आणि आतडे पाण्याने फुगले. जंतू नव्हे, जंतूने सोडलेले विष हा खरा मारेकरी, हे १९५९ साली सिद्ध झाले.

आता त्या विषाची कपटविद्या पाहा. ते दोन भागांचे असते. एक भाग आतड्याच्या पेशीला बिलगतो. दुसरा भाग घातक, आणि त्याच्या अगदी शेवटी चार अक्षरे आहेत : के, डी, ई, एल. जंतूला जालिका नाही, ग्राही नाही, केडेलचा स्वतःसाठी काडीइतका उपयोग नाही. ती खूण त्याने आपल्या घरात शिरण्यासाठीच धारण केली आहे. पेशीत ओढले गेलेले विष गॉल्जी पिंडाशी पोहोचते. तेथे आपला प्रामाणिक मुऱ्हाळी उभा असतो. तो माणूस पाहत नाही, खूण पाहतो. आणि परक्याचा हात धरून त्यास जालिकेत पोहोचविण्यास हातभार लावतो. प्रयोगात विषाची ही अक्षरे बदलली, तेव्हा त्याचा परिणाम मंदावला. फसवणूक एवढ्यावर थांबत नाही. जालिकेत आल्यावर त्याचा घातक अंश सुटा करून देण्यास मदत करते ते पीडीआय; गंधकाचे टाके सांभाळणारे, आणि स्वतःही केडेल धारण करणारे आपलेच प्रथिन! सुटा झालेला अंश पेशीद्रवात निसटतो आणि तेथील एक कळ कायमची चालू करून ठेवतो. मग पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकीतच राहते. तीव्र विकारात रुग्ण तासाला लिटरभर पाणी गमावू शकतो. अशा वेळी आतड्यातील साखर व मीठ एकत्र शोषण्याचे दुसरे द्वार उघडेच असते, हे दैवाचे उपकार. त्याचाच आधार घेऊन डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत साखर-मिठाच्या पाण्याने असंख्य प्राण वाचविले. घरात कोणाला जुलाब-वांत्या सुरू झाल्या, तर वैद्याकडे नेईपर्यंत क्षारसंजीवनीचे पाणी थोडे थोडे पाजीत राहावे, हे आम्ही आमच्या माताभगिनींना पुन्हा एकदा आवर्जून सांगतो.

एखादी वस्तू राखावयाची म्हणजे तिला कोंडावयाचे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जालिकेने हा मार्ग पत्करलेला नाही. कोंडलेली पाठराखीण कोणाचीच पाठ राखू शकत नाही, हे तिला जणू ठाऊक आहे. तिने दार उघडे ठेवले आहे. आपल्या माणसांना एक छोटीशी ओळख दिली आहे. आणि ती दूर गेली तर त्यांना आणावयास माणूस नेमला आहे. या व्यवस्थेत धोका आहेच. ओळख नक्कल करता येते, आणि मुऱ्हाळी चुकू शकतो. कॉलऱ्याच्या विषाने तेच केले. तरीही आपल्या पेशींनी ही व्यवस्था सोडलेली नाही. यीस्टसारख्या सूक्ष्म जीवापासून माणसापर्यंत, एवढ्या दीर्घ वंशपरंपरेत, ती आजतागायत टिकून आहे. हा मजकूर आपण वाचीत असतानाही आपल्या शरीरातील अगणित पेशींत हे हात धरले जात आहेत आणि सोडले जात आहेत. आणि त्यामुळेच आपली हाडे, आपली त्वचा व आपले रक्त जागच्या जागी आहे.